दिवे लागले का?

आमच्या पोलादपुरात थंडी आली की नाही, हे मला हवेवरून कळत नाही, उलटीच्या गोळ्यांवरून कळतं. स्टँडजवळ माझं औषधांचं दुकान आहे. डिसेंबर अर्धा सरला की मुंबईकडच्या गाड्या हायवे सोडून महाबळेश्वरच्या रस्त्याला वळण्याआधी माझ्या दारात थांबतात. नव्याकोऱ्या स्वेटरमधली मुलं, कपाळावर गॉगल चढवलेल्या आया आणि "घाट फार वळणाचा आहे का हो?" हा ठरलेला प्रश्न. आहे, असं मी सांगते आणि गोळ्यांची पट्टी कापून देते. खोटं कशाला बोलायचं? गोळी घेतल्याने आंबेनळीची वळणं काही कमी होत नाहीत, पण माणसाला बरं वाटतं. निम्मी औषधं तशीच असतात.

यंदाही गाड्या सुरू झाल्या आहेत. सकाळी सावित्री नदीच्या अंगाने धुकं उठतं आणि दुकान उघडेपर्यंत रस्त्यावर रेंगाळत राहतं. भात झोडून झालंय, पेंढ्याच्या उडव्या रचून झाल्यात आणि रिकाम्या खाचरांत वाल वर आलाय. या दिवसांचा वास मला फार आवडायचा. दवाने ओला झालेला पेंढा, सारवलेलं खळं, अंघोळीच्या पाण्याखाली जळणारी लाकडं. 'आवडायचा' असं लिहून गेले खरी. आता तो वास आला की मी खिडकी लावून घेते.

परवा वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप आला. 'यंदा जाऊया का नाताळची लायटिंग बघायला? कोण कोण येणार?' खाली पटापट अंगठे उमटले. आमच्या ह्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला आणि जायचं का म्हणून विचारलं. मी म्हटलं, बघू. आमच्या घरात 'बघू' म्हणजे 'नाही', हे त्यांना लग्नानंतर पहिल्या वर्षातच कळलं होतं. त्यांनी मोबाइल खिशात घातला आणि अंगणातलं वाळवण उचलायला गेले.

आमचं घर गावाच्या टोकाला, नदीच्या अलीकडे. मागच्या पडवीत उभं राहिलं की नदीपलीकडचा डोंगर समोर येतो आणि त्याच्या मध्यावर ह्यांच्या भावकीची वाडी. ओळीने घरं, मध्ये दगडी पायऱ्या, वर देवीचं लहानसं देऊळ. तिथे आता कोणी राहत नाही. दिवे मात्र रोज लागतात. खोऱ्यात अंधार साचायला लागला की प्रत्येक घराच्या दर्शनी भिंतीवर पांढरा उजेड येतो, सगळ्या घरांवर एकाच क्षणी. आमच्याकडे कोणी नवखा पाहुणा असला तर म्हणतो, वा, काय सुंदर वस्ती आहे. मी चहा आत घेऊया म्हणते आणि पडवीचं दार लावून घेते.

पूर्वी हे दिवे एकेक करून लागायचे.

ते लावायची पारूकाकी. नात्याने ह्यांची चुलत चुलती, वयाने सत्तरीच्या अलीकडे-पलीकडे. नक्की तिलाही माहीत नव्हतं. वाडीतली माणसं एकेक करून मुंबईला गेली. कोणी गिरगावात, कोणी नालासोपाऱ्याला. प्रत्येक जण जाताना घराची किल्ली पारूकाकीच्या हातात देऊन गेला. सांगणं प्रत्येकाचं एकच, देवापुढे दिवा तेवढा लावत जा. गणपतीला आणि शिमग्याला ती माणसं परत यायची, वाडी दणदणायची आणि मग पुन्हा किल्ल्या पारूकाकीकडे. तिचा नवरा गेला, मुलगा दिलीप मुंबईत लिफ्ट दुरुस्तीच्या कामाला लागला आणि शेवटी उरली ती एकटी, कमरेला किल्ल्यांचा जुडगा लावून.

रोज सांजेला ती आधी आपल्या घरात दिवा लावायची आणि मग खालच्या घरांकडे निघायची. कुलूप काढायचं, देव्हाऱ्यात वात पेटवायची, पडवीतला बल्ब लावायचा, कुलूप घालायचं, पुढचं घर. सकाळी पुन्हा सगळा फेरा, बल्ब बंद करायला. मी एकदा तिच्याबरोबर गेले होते. बंद घरांचा एक वास असतो, उंदरांचा, जुन्या गोधड्यांचा आणि भिंतीत मुरलेल्या धुराचा. अंधारात कुलूप उघडून आत शिरताना माझ्या अंगावर काटा आला. पारूकाकी मात्र उंबऱ्यातून आत जाताना त्या-त्या घरच्या माणसाला हाक मारायची. "विठाबाय, आले गो." विठाबाई गेली त्याला कैक वर्षं झाली होती. मी विचारलं, काकी, कोणाशी बोलतेस? तर म्हणाली, "घराशी. बंद घरात दिवा नाय लावला, हाक नाय मारली, तर घर माणसं इसरतं. मंग ती परत आली तरी घरात घेत नाय."

मी औषधं विकणारी बाई, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. पण त्या दिवशी पुढच्या घरात शिरताना मीसुद्धा तोंडातल्या तोंडात हाक मारली.

आमच्या पडवीतून तो फेरा दिसायचा. पहिला दिवा तिचा स्वतःचा, मग थोड्या वेळाने दुसरा, मग तिसरा. मध्ये दगडी पायऱ्या होत्या, तिथे नेहमी थोडा उशीर लागायचा. तिचा गुडघा दुखत असला की तो उशीर वाढायचा. मग दुसऱ्या दिवशी ह्यांच्या हाती मी मलम पाठवायचे आणि काकी विचारायची, सुलभेला कसं कळलं? पावसाळ्यात तर आमची नजर त्या डोंगरावरून हलायचीच नाही. आमच्या भागात पाऊस चढला की सगळेच डोंगराकडे बघत बसतात. कोणता कधी खाली येईल याचा नेम नसतो. दिवे लागले की सुटल्यासारखं व्हायचं. हिवाळ्यात मात्र आम्ही निर्धास्त. डोंगराची भीती पावसाची, थंडीत डोंगर गरीब, असं आम्ही धरून चाललो होतो.

वाडीत मोबाइलला रेंज नव्हती. देवळाच्या चौथऱ्यावर गेलं तर यायची, तीही देवीच्या मनात असेल तर. रविवारी सकाळी काकी चौथऱ्यावर जाऊन बसायची आणि दिलीपशी बोलायची. एरवी मधल्या वारी त्याला आईची काळजी वाटली की तो मला फोन करायचा. विचारायचा एवढंच: "वयनी, दिवे लागले का?" मी पडवीत जाऊन बघायचे. लागले असं सांगितलं की तो म्हणायचा, मंग बरं. कधी पायऱ्यांपाशी उशीर लागलाय असंही मी सांगायचे. आईला बघायला त्याला आमची पडवी पुरायची. लिफ्टच्या अंधाऱ्या खड्ड्यात उतरून काम करणारा हा मुलगा संध्याकाळी तेवढे दोन शब्द ऐकून जेवायला बसत असेल, असं मला वाटायचं आणि बरं वाटायचं.

नाताळच्या आठवड्यात घाटमाथ्यावर, डोंगराच्या कडेमागे, रात्री फिकट उजेड पसरतो. आमच्या बाजूने तो दिसत नाही, वाडीतून दिसतो. पारूकाकीने तो वर्षानुवर्षं पाहिला होता. तो कसला, तर वर महाबळेश्वर-पाचगणीला नाताळची रोषणाई असते, बाजारात, चर्चवर, हॉटेलांवर, असं तिला कोणीतरी सांगितलं होतं. तिला नाताळचं काही नव्हतं. तिला एकच पडलं होतं की तिथे एवढे दिवे लावतं कोण. दिवे लावणाऱ्या बाईला दुसरं काय पडणार? त्या वर्षी गणपतीत दिलीप आला तेव्हा ती सहज बोलून गेली, मरायच्या आधी एकदा ते दिवे बघायचेत. पोरगं ते मनात धरून बसलं.

मग बेत सुरू झाला. कोकणी माणसाचा बेत म्हणजे प्रवास राहतो बाजूला, चर्चाच चार महिने पुरते. दिलीप मित्राची गाडी आणणार, आम्ही दोघं आणि काकी, दुपारी निघायचं, घाट चढायचा, रोषणाई बघायची, रात्री वरच कुठेतरी खोली घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी स्ट्रॉबेरी घेऊन खाली. दिवस ठरेना. एक दिवस मार्गशीर्षातला गुरुवार, काकीचा उपास. एका दिवशी ह्यांचं लग्न, म्हणजे ह्यांच्या भाच्याचं. अमावास्येला घाट नको, हे माझं. मी अंधश्रद्धाळू नाही, पण अमावास्येला घाट नको म्हणजे नको. शेवटी नाताळच्या आदल्या दिवसावर सगळ्यांचं जमलं. थर्मास कोणी आणायचा, शिदोरीला काय, काकीला कानटोपी आहे का, इथवर येऊन सगळं एका जागी अडलं.

त्या सांजेला वाडीत दिवे कोण लावणार?

काकी म्हणाली, मग मी नाही येत. हे म्हणाले, मी लावतो आणि घरी राहतो. मी म्हटलं, तुम्ही घरी राहिलात तर गाडीत मला उलटी झाली की डोकं कोण धरणार? दुसऱ्या गावचा माणूस सांगून बघावा, तर बंद घरांत संध्याकाळी शिरायला कोणी तयार होईना. काकी हटून बसली. एवढी वर्षं एक सांज चुकवली नाही, तापात नाही, वादळात लाईट गेली तेव्हा नाही, आणि आता मजा बघायला जायचं म्हणून घरं काळोखात ठेवू? दिलीपचा चेहरा पडला. बेत मोडलाच होता. तो तसाच मोडून पडला असता तर बरं झालं असतं, असं मला हल्ली फार वेळा वाटतं.

तोडगा दिलीपनेच काढला. मुंबईहून येताना तो एक खोकं घेऊन आला. भिंतीला लावायचे छोटे दिवे, दिवसा उन्हात भरून घेणारे आणि अंधार पडला की आपले आपण लागणारे. वायर नाही, बटण नाही, वीज गेली तरी फिकीर नाही. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याला हे म्हणजे पोरखेळ. अर्ध्या दिवसात त्याने सगळ्या घरांच्या भिंतींवर ते बसवले. नुसते आपल्या आईच्या घरावर नाहीत, सगळ्या घरांवर. ग्रुपवर त्याचे फोटो पडले, मुंबईतून शाबासकी आली, कोणी लिहिलं, आता काकीला पेन्शन द्या. सगळ्यांच्या डोक्यावरचं ओझं उतरलं असणार. एका म्हातारीला रोज आपल्या घरी दिवा लावायला लागतो, ही बोच मुंबईत राहूनही कुठे ना कुठे असतेच.

पहिल्या सांजेला आम्ही सगळे वाडीत अंगणात उभे राहून वाट बघत होतो. पक्षी शांत झाले, समोरचा डोंगर काळा झाला आणि सगळे दिवे एकदम लागले. ह्यांनी टाळ्या वाजवल्या. काकीच्या हातात किल्ल्यांचा जुडगा होता. ती एकेक किल्ली चाचपत राहिली. मग हळूच म्हणाली, देवाला वात तरी मला लावू दे, आणि ती पायऱ्या उतरून नेहमीसारखी कुलपं उघडत गेली. बाहेर भक्क पांढरा उजेड आणि आत वातीची पिवळी टिकली. त्या दिव्यांचा रंग मला पहिल्यापासून आवडला नाही. घरं कोणीतरी आजारी असल्यासारखी दिसत होती.

ठरल्या दिवशी निघालो. त्या प्रवासातलं मला सगळं आठवतं आणि का कोण जाणे, सगळं थोडं भीतिदायकच आठवतं. घाटात उतारावर कोणीतरी गवत पेटवून दिलं होतं, वणव्याची बारीक ओळ रस्त्याच्या वरून सरकत होती आणि गाडीच्या काचेवर काळी राख येऊन बसत होती. काकी पुढच्या सीटवर शाल पांघरून ताठ बसली होती. तिला उलटी झाली नाही, मला झाली. गोळी घेऊनसुद्धा. माथ्याजवळच्या एका वळणावर दिवस मावळत आला तेव्हा काकीने गाडी थांबवायला लावली. तिथून खाली आमचं खोरं दिसतं. ती कठड्यापाशी जाऊन उभी राहिली आणि बघत राहिली. वारा एवढा की बोललेलं उडून जावं. खाली निळसर अंधार भरत होता, गावं बुडत होती आणि मग एका डोंगराच्या पोटावर बारीक पांढरे ठिपके उमटले.

"माज्याशिवाय लागले," काकी म्हणाली.

ती खूश होती की नाही, ते मला तेव्हा कळलं नाही. दिलीप हसला, आये आता तू मोकळी, असं काहीतरी म्हणाला. थंडी वाजते म्हणून मी तिला गाडीत बसवलं. तिचे हात बर्फासारखे गार पडले होते.

पाचगणीला ती लहान मुलीसारखी फिरली, हे खरं. झाडांना गुंडाळलेल्या माळा, दारोदार टांगलेल्या कागदी चांदण्या, चर्चच्या अंगणात मांडलेला गव्हाणीचा देखावा. त्या गव्हाणीपुढे ती बराच वेळ थांबली. गवतात ठेवलेलं बाळ, बाजूला गाय, गाढव आणि मेंढरं. तिने सगळं विचारून घेतलं आणि म्हणाली, परक्या गावात, गोठ्यात बाळंत झाली बिचारी, कोणी घरात घेतलं नाही होय? मग बाजारातल्या रोषणाईकडे बोट दाखवून तिने तो वर्षानुवर्षांचा प्रश्न एका दुकानदाराला विचारला, एवढे दिवे रोज लावतं कोण? त्याने सांगितलं, आजी, लावायला लागत नाहीत, मशीन लावलंय, वेळ झाली की लागतात. काकीने मान हलवली. त्यानंतर तिने दिव्यांकडे फारसं पाहिलं नाही. स्ट्रॉबेरी आंबट निघाल्या त्याबद्दल मात्र ती खूप बोलली.

परत आल्यावर काही दिवस ती देवापुढच्या वाती लावायला घरोघर जात राहिली. पण आता आम्हाला ते दिसत नव्हतं. पडवीतून दिसायचा तो फक्त पांढरा उजेड, सगळ्या घरांवर सारखा. ती पायऱ्यांपाशी थांबली का, गुडघा कसा आहे, बाहेर पडली तरी का, काही कळायचं नाही. मला ते कळत नाही हे मला कळलं नाही. खरी गोम तिथेच आहे. रोज काहीतरी दिसत होतं, म्हणून काही दिसत नाही हे ध्यानात आलं नाही. आमच्या घरातलं घड्याळ बंद पडलं तेव्हाही मला असंच दोन दिवस वाटत होतं, आज वेळ छान पुरतोय.

आणि दिलीपचे फोन चालूच होते. माणसाची सवय कशी असते बघा. ज्याने स्वतःच्या हाताने ते दिवे भिंतीत ठोकले, तोच संध्याकाळी विचारायचा, वयनी, दिवे लागले का? आणि जिच्या डोळ्यांसमोर ते ठोकले गेले ती मी, पडवीत जाऊन बघायचे आणि सांगायचे, लागलेत रे. तो म्हणायचा, मंग बरं. दोघंही शहाणे, दोघांनाही सगळं माहीत. पण काळजी मिटायची ती त्या दोन शब्दांनीच. त्या शब्दांच्या आत काय उरलंय ते आम्ही पाहिलंच नाही.

संक्रांतीनंतरची गोष्ट. थंडी उतरणीला लागली म्हणेपर्यंत पुन्हा कडाडली होती. मी स्वयंपाकघरात मोड आलेल्या वालाच्या डाळिंब्या सोलत बसले होते, बोटांची सालं निघत होती, आणि फोन वाजला. दिलीप. आयेशी आठवडाभर बोलणं नाही, रविवारी चौथऱ्यावर आली नाही, रेंज नसेल. दिवे लागले का? मी ओल्या हाताने पडवीचं दार उघडलं. समोर वाडी लखलखत होती. त्या दिवशी धुकं नव्हतं, म्हणून नेहमीपेक्षाही स्वच्छ. लागलेत, सगळे लागलेत, मी म्हटलं. मंग बरं, तो म्हणाला. मी डाळिंब्यांचं बिरडं केलं, ह्यांना दोन वेळा वाढलं आणि शांत झोपले.

दुसऱ्या दिवशी दुपारी गवताचा भारा आणायला वर गेलेल्या एका बाईला ती सापडली. घरांच्या मधल्या पायऱ्यांवरून पाण्याची कळशी घेऊन येताना पडली होती, दोन दिवसांपूर्वी, भर सकाळी. मांडीचं हाड मोडलं होतं. सरपटत सरपटत ती शेजारच्या अंगणातल्या पेंढ्याच्या उडवीपर्यंत गेली होती आणि तिने पेंढा उपसून अंगावर ओढून घेतला होता. त्या पेंढ्याने तिला वाचवलं. मी फोनवर 'लागलेत' म्हणाले तेव्हा ती तिथेच होती. माझ्या नजरेच्या टप्प्यात, त्या उजेडाच्या खालीच.

डोली करून खाली आणली, महाडच्या दवाखान्यात नेली. दिलीप मिळाली ती गाडी पकडून वीर स्टेशनला उतरला आणि रिक्षा करून थेट तिथे आला. दारात आला तेव्हा त्याच्या पायांत दोन वेगवेगळ्या चपला होत्या. त्याने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. तो तसाच आत गेला आणि आईच्या पायथ्याशी बसला.

काकी जगली. हाडात सळई घातली. ती आता विरारला दिलीपकडे असते, काठीच्या आधाराने या खोलीतून त्या खोलीत जाते. किल्ल्या तिने मागितल्या नाहीत आणि दिलीपनेही काढून दिल्या नाहीत. वाडीची घरं गेल्या गणपतीला उघडली तेव्हा दोन घरांची दारं फुगून बसली होती, पहारीने उघडावी लागली. माणसं हसली, पावसाने लाकूड फुगतं म्हणाली. मीही तेच म्हणाले. ते दिवे काढून टाकू का, असं दिलीपने एकदा मला विचारलं होतं. काढले तर डोंगर काळा दिसणार, ठेवले तर हा असा. यातलं कुठलं मला रोज बघवेल, ते मला ठरवता येत नाही. आणि आता ग्रुपवर लोक पुन्हा नाताळच्या दिव्यांचा बेत करतायत. त्यांचं काही चुकत नाही. दिवे सुंदरच असतात. मला फक्त उजेड दिसला की आत माणूस आहे का, हे जाऊन बघावंसं वाटतं. परवा दुकान बंद करताना समोरच्या हॉटेलवर रंगीत माळ लागली, तर मी रस्ता ओलांडून आत डोकावून आले. मालक म्हणाला, काय पाहिजे वहिनी? काही नको, म्हटलं.

दवाखान्यात पहिल्या दिवशी काकी ग्लानीत होती. दुसऱ्या दिवशी जरा हुशारी आली. खिडकीबाहेर महाडच्या रस्त्यावरची वाहनं, आत स्पिरिटचा वास. दिलीप औषधं आणायला खाली गेला होता. मी तिला चमच्याने पेज भरवत होते. ती अर्धी पेज प्यायली, माझं मनगट धरलं आणि अगदी साध्या आवाजात, शेजारणीची तक्रार सांगावी तशी, बोलायला लागली.

"पडले त्या पयल्या सांजेला दिवे लागले तवा मला ठावं व्हतं, ते आपले आपण लागल्यात. माज्या दिलीपनं लावलंत. मी गप पडून रायले. दुसऱ्या सांजेला मातर मला वाटलं, आली गो सगळी. सगळ्या घरांत माणसं हायत. मंग मी हाका मारल्या. विठाबायला मारली, वरच्या आळीतल्या भावजींना मारली, एकेक घराचं नाव घेऊन मारली. लई येळ."

तिने माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत पाणी नव्हतं, नुसतं नवल होतं.

"एवढे दिवे लागलेले, सुलभे. कुनीच कसं बाहेर आलं नाय?"